दादाच्या उशाखालचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी बिघडलेले नाही. या घराने सतरा वर्षे मला बिघडलेले समजून फडताळावर ठेवले. तसे खोटे सांगणारा माझा मालकच होता. त्याचा मला फार राग यायचा. आता येत नाही.

मला त्याच्या आईने जुन्या बाजारातून आणले. तो नऊ भावंडांत थोरला, म्हणून सगळे त्याला दादा म्हणत. वडील लवकर गेले आणि अठराव्या वर्षी दादा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पहिली पाळी उजाडताच सुरू व्हायची. घरात खोली एकच, झोपणारे दहा, आणि माझा आवाज असा खणखणीत की पहिल्या दिवशी दहाही जण उठून बसले. शेजारचेही उठले. मला त्याचा अभिमान वाटला, पण भावंडांनी माझ्या नावाने शंख केला.

दुसऱ्या दिवसापासून दादा मला उशाखाली घेऊन झोपू लागला. माझा पहिला 'टर्र' निघतो न निघतो तोच त्याचा हात माझ्यावर पडायचा. कुणाची झोप मोडायची नाही. अंधारात चाचपडत कपडे घालायचा आणि चपला हातात घेऊन बाहेर पडायचा. आई म्हणायची, "हा झोपतो तरी का, की नुसता पडून असतो?"

मला किल्ली देण्याचा मान धाकट्या बहिणीचा. ती तेव्हा पाच वर्षांची होती. दुसऱ्या कुणी मला हात लावला की घर डोक्यावर घ्यायची. तसे ते घर कायम कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर असायचेच. इतक्या माणसांत हळू बोलून भागत नसे. मीठ मागायचे तरी ओरडून, आणि नाही म्हणायचे तर त्याहून मोठ्याने. ही त्यांची सवयच पुढे घात करून गेली.

वर्षे गेली. दादाने भावंडांना शिकवले, एकेकाचे संसार लावून दिले. त्याचेही लग्न झाले, दोन मुले झाली. कारखान्यात तो मोठ्या प्रेसवर होता. दिवसभर कानाशी लोखंडावर लोखंड आदळायचे. कानात कापूस घातला तर मुकादम हसायचा, "काय राव, नवरीसारखे नाजूक झालात की!"

मग सकाळी दादाला माझा पहिला टर्र पुरेना. दुसरा, तिसरा, आणि पुढे तर मी किल्ली संपेपर्यंत केकाटत राहायचे आणि हा आपला ढिम्म. उशाखालून माझा आवाज बाहेर तो किती येणार! दोनदा पाळी चुकली. आजवर कधी न चुकणारा माणूस चुकला, म्हणजे दोष घड्याळाचाच, असे सगळ्यांनी ठरवून टाकले.

दादा मला दुरुस्तीला घेऊन गेला. दुकानदार जाड चष्म्याचा म्हातारा होता. त्याने मला उघडले, तेल दिले आणि गजर लावून पाहिला. मी असे वाजले की बाकावरचे गिऱ्हाईक दचकून उभे राहिले. दादा शेजारीच होता, शांतपणे रस्ता बघत. म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "घड्याळ ठणठणीत आहे. तुम्ही कान दाखवून घ्या."

दादा गोरामोरा झाला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "हळू बोला हो. कारखान्यात कळलं तर प्रेसवरून काढतील."

ते खरेच होते. प्रेस खाली येण्याआधी धोक्याची घंटा व्हायची आणि ती ज्याला ऐकू येत नाही त्याला तिथे ठेवत नसत. दादा पायाखालच्या फळीची थरथर ओळखून हात मागे घेत होता. रोज, पाळीभर.

घरी येऊन त्याने सांगितले, "घड्याळ गेलं. दुरुस्त होत नाही म्हणाला." मी रागाने नुसते धुमसत होते. त्या दिवसापासून बायको त्याला हलवून उठवू लागली आणि मी फडताळावर गेले.

तिथून सगळे दिसायचे. ओरडून बोललेले थोडे त्याला कळायचे, नाही कळले की तो म्हणायचा, "बरं बरं." मुलांनी ते हेरले होते. "बाबा, कुत्रं पाळू?" "बरं बरं." "बाबा, शाळा सोडू?" "बरं बरं." सगळे खो खो हसायचे आणि दादाही त्यांच्यात हसायचा. मला मात्र तेव्हा रडू यायचे.

आणि मग ती सकाळ आली. आई महिनाभर अंथरुणाला खिळली होती, आवाज अगदी खोल गेला होता. दादा दाराशी पाठमोरा बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. आईने त्याला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा म्हणाली, "आज नको ना जाऊस."

दादा उठला आणि निघून गेला. धाकटी आईजवळ होती, दादाची बायको आणि मुलेही घरातच होती. तिचे लग्न अजून व्हायचे होते. ती फणकारून म्हणाली, "जाऊ दे आई. ऐकून न ऐकल्यासारखं करतोय तो." दुपारी आई गेली.

मित्रांनो, त्या दिवशी भावंडांनी दादाला काय काय ऐकवले! सगळे एकदम बोलत होते, रडत बोलत होते. दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्यातले किती त्याच्यापर्यंत पोहोचले, देव जाणे. आपल्याला ऐकू येत नाही, एवढे एकच वाक्य त्याला बोलायचे होते. पण ते चार जणांत गेले असते आणि तिथून कारखान्यात. तो बोलला नाही. धाकटीने त्याच्याशी बोलणे टाकले, ते चौदा वर्षे.

तो निवृत्त झाला तेव्हा भावंडे जमली. धाकटीही आली, जनरीत म्हणून. तिला फडताळावर मी दिसले. "अजून ठेवलंय हे?" म्हणत तिने मला खाली घेतले आणि जुन्या सवयीने किल्ली फिरवली. टेबलावर, दादाच्या अगदी शेजारी ठेवले. आणि मी वाजले! सतरा वर्षांचे साचलेले वाजले. कुणाचा चहा सांडला, कुणी कानावर हात ठेवले. दादा संत्रे सोलत होता. तो सोलतच राहिला.

धाकटीने त्याच्या पाठीशी उभे राहून हाक मारली, "दादा." मग मोठ्याने, "दादा!" तो वळला नाही. ती त्याच्यासमोर आली आणि रडू लागली.

तिला रडताना पाहून दादाला सगळे कळले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. त्याने विचारले, "आई त्या दिवशी काही म्हणाली होती का गं? तुम्ही सगळे एकदम बोलत होता, मला नीट कळलंच नाही."

आईचे ते शब्द धाकटीने चौदा वर्षे साऱ्या नात्यात सांगितले होते. तिने दादाचा चेहरा हातांत धरला आणि कानाशी जाऊन ओरडली, "नीट जा, म्हणाली!"

"नीटच गेलो होतो मी," दादा म्हणाला आणि हसला. भावंडांपैकी कुणीही तिचे बोलणे खोडून काढले नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, हाक मारूनही कुणी वळले नाही, तर रागावण्याआधी उठा, चार पावले चाला आणि त्याच्या खांद्याला हात लावा. त्या सकाळी खोलीत आई सोडून पाच माणसे होती, आणि दार चार पावलांवर होते.