दोन वल्ह्यांची होडी

गोष्ट दोन हजार एकतीस सालची. त्या वर्षी टीव्हीखाली ठेवायचे खेळाचे खोके बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनेही हात टेकले. यापुढे वेगळा कन्सोल निघणार नाही, आमचे सगळे खेळ कॉम्प्युटरवरच चालतील, असं तिने मार्चमध्ये जाहीर केलं. जगाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. ताईच्या दुकानात मात्र त्या दिवशी दोन कप चहा तसाच गार झाला.

ताई आणि तिचा नवरा सव्वीस वर्षं कन्सोल दुरुस्त करत होती. नवऱ्याला अख्खा रस्ता मिस्त्री म्हणायचा, ताईसुद्धा. तो खोके उघडायचा, पंख्यातली धूळ काढायचा. बारीक डागकाम ताईचं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या तारा जोडताना ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची.

"कॉम्प्युटरच झालेत हे सगळे," मिस्त्री म्हणाला. "गेली पाच वर्षं उघडून बघतोय, आतला माल तोच. नुसतं आडनाव वेगळं लावून हिंडत होते. आता तेही टाकलं."

"तुम्हाला थट्टा सुचते."

"मग रडू? रडून पंखा फिरतो का?"

ताईने भिंग पुसून ठेवलं. तिचा जीव दुकानात नव्हता, होडीत अडकला होता.

ताईला पाठचा एकच भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी लहान. सगळे त्याला धाकटा म्हणायचे. तो दूरच्या शहरात एका मोठ्या कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायचा. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. तिला शेवटपर्यंत घरी ठेवावं असं ताईचं म्हणणं. धाकट्याने तिला दवाखान्यात हलवलं आणि ती तिथेच गेली. जमलेल्या नातेवाइकांसमोर ताई बोलून गेली, "आईला तू परक्यांच्या हातात मारलंस." धाकटा पांढराफटक पडला. म्हणाला, "ताई, यापुढे मला फोन करू नकोस." तिने केला नाही. त्यानेही केला नाही. दोघं एकाच मातीची. मोडतील पण वाकणार नाहीत.

पण चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, ताई दुरुस्त झालेला कन्सोल स्वतःच्या खात्यावरून तपासत असताना पडद्यावर चिठ्ठी आली: होडीत एक जागा रिकामी आहे. पाठवणाऱ्याचं नाव धाकट्याचं. तो एक साधा खेळ होता. एक होडी, दोन वल्ही, आणि बेटांनी भरलेला समुद्र. एक वल्हं एकाच्या हाती, दुसरं दुसऱ्याच्या. एकट्याने वल्हवली तर होडी जागच्या जागी गरगर फिरते. ताई बसली.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता दोघं होडीत. बोलणं नाही, लिहिणं नाही. पण वल्ह्यावरून माणूस कळतो. एखाद्या रविवारी तो दमलेला असायचा, वल्हं उशिरा पडायचं. मग ताई आपलं हळू करायची. एकदा तिचा हात भाजला होता, तर तो तासभर होडी खडकाला टेकवून बसून राहिला. मिस्त्री म्हणायचा, "जगातलं एकमेव भांडण, जे नेमाने दर आठवड्याला भेटतं."

आता कंपनीची सूचना अशी होती: ज्याला हवं त्याने आपलं खातं कॉम्प्युटरवर न्यावं. एकदा नेलं की कन्सोलवरचं खातं कायमचं मिटेल. न्यायचं नसेल त्याने डिसेंबरअखेरपर्यंत जुन्या खोक्यावर खेळावं, मग तिकडचा कारभार बंद. आणि इकडचे तिकडच्यांना दिसणार नाहीत.

ताईने तीन दिवस विचार केला. धाकटा कॉम्प्युटरवाला माणूस. असल्या बाबतीत तो कधी मागे राहिला होता? लहानपणीसुद्धा नवं यंत्र दिसलं की आधी त्याचा हात. तो पहिल्याच दिवशी तिकडे गेला असणार, आणि येत्या रविवारी खेळातल्या धक्क्यावर तिची वाट बघणार.

"त्याला विचारून घे," मिस्त्री म्हणाला.

"विचारायचं काय त्यात? मी ओळखते त्याला."

शनिवारी तिने दुकानातल्या कॉम्प्युटरवर खातं नेलं. शेवटचं बटण दाबताना कन्सोलबद्दल जरा वाईट वाटलं, पण तेवढंच.

रविवारी चार वाजता ती धक्क्यावर उभी. पाच वाजले. तो आला नाही. त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं: येथे नाही. पुढच्या रविवारी तेच. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये एकदा तिने एकटीनेच होडी सोडली आणि ती गोल फिरताना बघत बसली.

"अगं, दुकानात तीसेक जुने खोके पडलेत," मिस्त्री म्हणाला. "एकावर नवं खातं उघड आणि बघ तिकडे आहे का."

"त्याला यायचं असतं तर आला असता."

"मग फोन कर."

"त्यानेच नको म्हटलं होतं."

"अकरा वर्षं झाली त्याला! दुधाचे दात असते तर पडून नवे आले असते."

"मिस्त्री, तुम्ही तुमचं काम करा."

मिस्त्रीने पेचकस उचलला. त्याच्या मनात आलं, आपणच फोन लावावा. पण बहीण-भावाच्या मधे पडून एकदा तोंड पोळलं होतं, म्हणून तोही गप्प बसला. ताईने मनाशी पक्कं केलं: धाकट्याने निमित्त साधलं. खोके बंद झाले आणि त्याने उरलेलं नातंही त्यांच्याबरोबर मिटवलं. तरी रविवारी चार वाजता ती बसायचीच. डिसेंबर संपला तेव्हा तिने तेही सोडलं.

फेब्रुवारीत भावजयीचा फोन आला. धाकटा कचेरीच्या जिन्यात कोसळला आणि उठलाच नाही.

ताई आणि मिस्त्री पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. माणसं पांगल्यावर भावजयीने तिला धाकट्याच्या खोलीत नेलं. टेबलावर कचेरीचे दोन मोठे पडदे. आणि बाजूला, खाली स्टुलावर, जुना टीव्ही आणि जुना कन्सोल. कंट्रोलरची डावी दांडी झिजून गुळगुळीत झालेली.

ताई बघतच राहिली. "हा अजून ठेवलाय?"

"ठेवलाय म्हणजे काय, ताई! कचेरीतले हसायचे ह्यांना. कॉम्प्युटरवाला माणूस आणि खातं न्यायला तयार नाही. म्हणायचे, ताईचं सगळं आयुष्य ह्या खोक्यांत गेलं. शेवटचा खोका बंद पडेपर्यंत ती सोडणार नाही. मी पुढे गेलो तर ती एकटी पडेल."

ताई स्टुलाजवळ खाली बसली.

"मार्चपासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी बसायचे," भावजय सांगत होती. "तुमच्या नावापुढे नुसतं येथे नाही असं यायचं. एकदा मीच म्हटलं, लावा ना फोन. तर म्हणाले, ती रागावलीये, तिचा हक्क आहे. राग असू दे, ताई, पण एकदा तरी यायचंत. कुठे होतात तुम्ही?"

"कॉम्प्युटरवर," ताई म्हणाली. "तो तिथे असेल म्हणून."

भावजयीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने टीव्हीवरचं धुळकट फडकं उचललं, उगाच घडी घातली, पुन्हा उलगडलं. मिस्त्री दारात उभा होता. तो मागच्या मागे वळला आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुकान त्यानंतर दीड वर्ष चाललं. मग मिस्त्री धुलाईयंत्रं दुरुस्त करू लागला. फोन का केला नाही, हे त्याने शेवटपर्यंत स्वतःला विचारलं, आणि सत्तराव्या वर्षी झोपेतच गेला. होडीचा खेळ कॉम्प्युटरवरही तीनच वर्षं टिकला. भावजयीने घर विकलं, ती आता आपल्या बहिणीकडे असते. ताईशी अधूनमधून बोलते, पण त्या विषयावर नाही. धाकट्याचा कन्सोल तिने ताईला देऊ केला होता. ताईने नेला नाही.

ताई आज एक्याऐंशीची आहे. हात कापतो, डागकाम केव्हाच सुटलं. जिभेची धार मात्र गेलेली नाही. शेजारणींशी, मिस्त्रीच्या भाचरांशी अजून कडकडून भांडते. पण भांडण झालं की त्याच दिवशी, चूक कुणाचीही असो, स्वतःच फोन लावते. समोरच्याने उचलला नाही तर पुन्हा लावते. भाचरं कंटाळून म्हणतात, हिच्याशी धड अबोलाही धरता येत नाही.