जिवंत माणसाचा मृत्युलेख

“बाबा, धडधडीत जिवंत माणसाला मारलंस तू! आणि वर निवांत दाढी करतोयस?”

“निवांत? हे बघ, कापलं गालाला. याला निवांत म्हणतात?”

लेक बाथरूमच्या दारात मोबाइल घेऊन उभी होती. बापाच्या अर्ध्या तोंडाला फेस आणि उरलेलं अर्धं लालभडक. घरात तो बाबा, कॉलेजात सर; पण जुन्या पेपरातले लोक त्याला अजून भिंगरी म्हणतात, कारण हा बाबा खुर्चीत कधी टिकलाच नाही. बातमीदार होता तेव्हा कोर्टातून चौकीत, चौकीतून शवागारात. मग एक दिवस नोकरीला लाथ मारून कादंबरी लिहिली. ती गाजली, पण दुसरी काही जमेना, तेव्हा कॉलेजात पत्रकारिता शिकवायला लागला. म्हणजे जे स्वतः सोडून दिलं, ते कसं करायचं ते पोरांना सांगायचं. वर्गातही येरझाऱ्या चालूच. पुढच्या बाकावरच्या पोरांच्या माना टेनिसची मॅच बघितल्यासारख्या हलतात.

मारलेला माणूस म्हणजे त्याचा जुना संपादक. त्याचं नाव पडलं होतं कात्री. कुणी कितीही जीव तोडून लिहा, म्हातारा निम्मं छाटायचा.

झालं होतं असं, की पेपरवाल्यांची एक रीत असते. मोठा माणूस पिकलं पान झाला की त्याचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवायचा, ऐन वेळी धावपळ नको. भिंगरीने हीच रीत वर्गाला शिकवली. एका पोरीने सरावाला कात्रीसाहेब निवडले. लिहिलं झकास, वर ठळक अक्षरात ‘हा सराव आहे’ असं टाकलं आणि वर्गाच्या ब्लॉगवर चढवलं. भिंगरीने ते वाचलंच नव्हतं, सगळ्यांचेच लेख तपासायचे राहिले होते. मग कुणा महाभागाने वरची ओळ काढून बाकीचं पुढे ढकललं. फिरत फिरत ते काल संध्याकाळी भिंगरीच्याच मोबाइलवर येऊन आदळलं.

त्याने ते वाचलं. आणि लगेच बोटं चालायला लागली. जित्याची खोड, दुसरं काय. एका दमात श्रद्धांजली लिहिली आणि बातम्यांच्या एका साइटला पाठवली. त्यांनी तशीच छापली. सरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार! आज सकाळी कात्रीसाहेब आपल्याच गॅलरीत झाडांना पाणी घालताना सापडले.

“एक फोन करायचास ना रे त्यांच्या घरी!” लेक म्हणाली. “पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतोस ना?”

“करणार होतो.”

“मग? बोटं दुखत होती?”

तोंडावरचा फेस वाळायला लागला होता. फोन केला नाही, कारण त्या घरी फोन करायला तोंडच नव्हतं. कादंबरीत त्याने एक संपादक रंगवला होता, पाकीट घेऊन बातम्या दाबणारा. चष्मा कात्रीसाहेबांचा, चालणं कात्रीसाहेबांचं, शिव्यासुद्धा त्यांच्याच. पाकीट तेवढं पदरचं, गोष्टीला तिखटमीठ म्हणून. लोकांनी तेही खरं मानलं. म्हातारा भांडला नाही की कोर्टात गेला नाही. फक्त बोलणं तोडलं. आणि काल श्रद्धांजलीत भिंगरीने लिहून टाकलं: या माणसाने आयुष्यात एक ओळ विकली नाही, पाकिटाची गोष्ट माझ्या डोक्यातली होती. मेलेल्या माणसासमोर खरं बोलायला काय जातं?

तेवढ्यात विभागप्रमुख बाईंचा फोन.

“सर, कुठे आहात? समिती बसलीये. तुम्हाला कायम करायचा विषय आहे आणि जो तो तुमची श्रद्धांजली वाचून हसतोय! पटकन या. येताना दोन ओळी लिहून आणा, विद्यार्थिनीच्या खोट्या मजकुरामुळे फसगत झाली म्हणून. बाकी मी सांभाळते.”

“मॅडम, तिने वर स्पष्ट लिहिलं होतं.”

“असू दे हो. पोरगी आहे, तिला एक समज देऊ, विषय संपला. तुमचं बघा. या वयात आता कुठली नवी खुर्ची शोधणार?”

फोन बंद झाला. लेक बघतच होती. “लिहिणारेस तसं?”

भिंगरीने तोंड पुसलं. कपाटापासून खिडकीपर्यंत गेला, परत आला. लॅपटॉप उघडून ‘विद्यार्थिनीच्या’ एवढं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

“अरे, मांजर तरी एका जागी बसतं!” लेक वैतागली.

मोबाइल पुन्हा वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मेलेला माणूस बोलतोय.”

भिंगरी ताडकन उभा राहिला. “साहेब… साहेब, चूक झाली माझी.”

“ते नंतर. आधी सांग, ‘सारं जग पोरकं झालं’ म्हणजे काय रे गाढवा? कुठलं जग? इथे तिघं आलेत, त्यातला एक विजेचं मीटर बघायला आलाय!”

“साइटवाले काढतायत साहेब तो लेख.”

“त्यासाठीच फोन केला. काढू नकोस. मी जिवंत आहे एवढं दुरुस्त कर आणि पाकिटाची ओळ राहू दे.” म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला. “मुलगा आलाय माझा. मेलो म्हणून आला, एरवी कुठला येतोय! तुझं पुस्तक वाचल्यापासून माझ्याशी धड बोलत नाही. त्याला ती ओळ दाखवली. म्हणतो, मेल्यावर सगळेच गोड लिहितात.”

भिंगरी खिडकीपर्यंत जाऊन परत आला.

“बाप जिवंत आहे म्हटल्यावर परत निघालाय. बॅग भरतोय आत. मी सांगून त्याला पटायचं नाही. तू ये, आणि त्याच्या तोंडावर सांग.”

“आत्ता? साहेब, कॉलेजात आत्ता माझी—”

“लेका, मी काही रोज रोज मरणार नाही.”

आणि ठेवला फोन म्हाताऱ्याने.

 भिंगरीने आधी साइटवाल्यांना फोन लावला: चूक दुरुस्त करा, पण लेख काढू नका, पाकिटाची ओळ तर मुळीच नाही. मग एका हाताने बूट चढवत बाईंना लावला.

“मॅडम, समितीला सांगा, पोरीचा काही दोष नाही. मी खात्री केली नाही. त्या घरी फोन करायची मला लाज वाटत होती.”

“हे असं सांगू? सर, मग कायम व्हायचं विसराच तुम्ही!”

“बरं.”

“अहो, बरं काय? निदान येऊन समोर बोला. पाच मिनिटं! सगळे थांबलेत तुमच्यासाठी.”

भिंगरीचा एक पाय बुटात होता आणि दुसरा बूट हातात. तो जिन्यात पोचलासुद्धा होता.

“नाही जमायचं, मॅडम. तिकडे त्याची बॅग भरून होत आली असेल. मला आता निघायलाच हवं.”