पलंगाजवळचं स्टूल

भाची नर्स म्हणून कामाला लागली, तेव्हा मी तिला एकच सल्ला दिला. मीही जन्मभर तेच काम केलेलं. म्हटलं, "पेशंटजवळ दोन मिनिटं का होईना, स्टूल ओढून बस. उभ्या माणसाला पेशंट 'बरं आहे' म्हणतो, बसलेल्याला खरं सांगतो."

पोरीने ते मनावर घेतलं. वॉर्डातले म्हातारे तिच्या नावाचा जप करतात म्हणे.

आता मीच अंथरूण धरलंय. ती रोज ड्यूटी संपवून येते, दमलेली, हातात स्कूटरची किल्ली तशीच. दारातूनच विचारते, "आत्या, कसं वाटतंय?"

माझं मेलं डोकं! सल्ला दिला तोही कामापुरता. घरीही बसावं, हे सांगायचं राहूनच गेलं. आता सांगावं, तर मागून घेतल्यासारखं होतं.

काल डॉक्टर घरी आले, माझ्याजवळ बसून बोलले. फार दिवस उरले नाहीत म्हणाले.

संध्याकाळी भाची आली. दारातूनच तिने विचारलं. मी पलंगाजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"बरं आहे गं," म्हटलं. "जा, जेवून घे."