वाचनालयात वाळत घातलेली फुलं

माझे थोरले बंधू पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी खात्याचा नऊशे पानी इतिहास लिहिला. घरात त्याच्या चाळीस प्रती आहेत. अशा घरात वहिनीला फुलं-पानं वाळवून चित्रं करायचा नाद लागला, तर दोष कुणाला द्यायचा? कागद जाड, ओल चटकन शोषणारा. वजनाचं विचारूच नका.

अडचण एकच होती. दादा रोज सकाळी लाल पेन घेऊन छपाईच्या चुका दुरुस्त करत. एकच चूक, चाळीस वेळा. त्या भरात वहिनीची नेच्याची पानं दोनदा केराच्या टोपलीत गेली.

"भावजी," वहिनी म्हणाली, "कुणीही हात लावत नाही अशी एखादी प्रत सांगा."

"वाचनालयातली."

ती प्रत तळच्या खणात दोन जाडजूड कोशांच्या मध्ये ठासून बसवलेली होती. अकरा वर्षांत एकदाही हललेली नव्हती. वहिनीने सहा पिवळी रानफुलं टिपकागदात घालून, त्यावर तारीख टाकून तिच्यात सरकवली. मी दाराशी उभा राहून खोकायचं काम केलं.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, फुलं आणायला गेलो. प्रदर्शनाला चित्र द्यायची मुदत सोमवारी पाचपर्यंत होती आणि ती फुलं आता वर्षभर मिळणार नव्हती. खणात जागा रिकामी!

"घरी नेलंय कुणीतरी," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनाही धक्का बसलेला दिसत होता. त्यांनी वही पाहिली. "लेखकानेच."

घरी दादा दुरुस्तीचं लाल पेन बाजूला ठेवून चष्मा पुसत बसले होते.

"बघ! कुणीतरी वाचलंय हे! सहा ठिकाणी खुणेला फूल, तेही टिपकागद घालून! पूर्वेकडच्या टाकीची गळती तर दोन फुलं लावून वाचलीय. खबरदार, कुणी हात लावाल तर."

मी पंख्याकडे पाहू लागलो.

स्वयंपाकघरात वहिनी कुजबुजली, "सांगा त्यांना. जागा तुम्ही सुचवलीत."

"लग्न तू केलंस."

वहिनीने पदर खोचला, बाहेर गेली आणि दादांच्या शेजारी बसली. "अहो, त्या वाचकाने नेमकी हीच पानं का निवडली असतील?"

"वाचल्याशिवाय कसं कळणार?"

मग तिला वाचावं लागलं. शनिवार पुरला नाही. दादा कोपराशी बसून कुठे थांबायचं, कुठे हसायचं ते सांगत होते. रविवारी दुपारी ती म्हणाली, "ही पानं भिंतीवर लागली पाहिजेत. फुलांसकट."

दादा विरघळले. वाचनालयाला त्यांनी बदली प्रत नेऊन दिली, लाल दुरुस्त्यांसह. आणखी दोन भेट देऊ केल्या. ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले, "एकाच्या बदल्यात एकच घेतो आम्ही."

वहिनीने सहा पानं सोडवली, फळीवर डकवली, पाइपांच्या नकाशांवर पातळ रंग फिरवला आणि चिमट्याने एकेक फूल जिथल्या तिथे चिकटवलं. पाच वाजायला दहा मिनिटं असताना चित्र पोचलं.

प्रदर्शनात लोक फुलं पाहायला वाकायचे आणि वाचत राहायचे. एक बाई म्हणाल्या, "शेवटी गळती सापडली का हो?"

दादांनी घसा साफ केला. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "सापडली ना! झडप उलटी बसवली होती. तीही खुद्द साहेबांनी. पान चारशे एकोणीस."

चारशे एकोणिसाव्या पानावर फूल नव्हतं. दादा तिच्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या टेबलावर इतिहासाची एक प्रत होती. दादा आत लाल पेनाचं टोपण शोधत होते. तिथूनच त्यांनी आवाज दिला.

"ती तपासून झालीय. आता मी उघडणार नाही. तुझ्या त्या वाचकाला सांग, टिपकागदावर तारीख घालताना अक्षर जरा बदलत जा म्हणावं."