बाराव्या कळेवरचं कुंकू

मी बारा कळांचा एक छोटा कीबोर्ड बोलतोय. जेवढा दम उरलाय तेवढ्यात सांगतो. तळहाताएवढा माझा जीव, आणि त्यातली नववी कळ आता दाबली की लवकर वरच येत नाही. तिचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म सुरतेचा. एका हौशी माणसाने घरच्या टेबलावर तारा जोडून मला उभं केलं. रेल्वेने नंदुरबारला उतरलो आणि दोन दिवस मिरचीच्या पोत्यांशेजारी पडून राहिलो. ती लाल धूळ अजून माझ्या फटींत आहे. मला जवळ घेणारा आधी शिंकतो. तिथून शहाद्यामार्गे ब्राह्मणपुरीला, भाग्येशच्या घरी आलो.

भाग्येश घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. तीच ती अक्षरं बडवून त्याचं उजवं मनगट कामातून गेलं होतं, म्हणून त्याने मला मागवलं. मला जे शिकवाल ते मी बिनबोभाट करतो. पहिल्या कळेला त्याने कोडचा नेहमीचा सांगाडा शिकवला. एकदा दाबली की वीस ओळी धडाधड उमटायच्या. दुसरीने सगळ्या चाचण्या सुरू व्हायच्या. तिसरी झालेलं काम थेट पुण्याला धाडायची. भाग्येश हरखला. आता रोज दोन तास वाचतील, संध्याकाळी तुझ्याबरोबर मळ्यात येत जाईन, असं त्याने आईला सांगूनही टाकलं.

ते दोन तास कुठे गेले ते मला विचारू नका. भाग्येशचं काम लवकर होतं म्हटल्यावर कंपनीने दुसऱ्याचंही त्याच्याच गळ्यात घातलं. मनगट पुन्हा दुखायला लागलं. ये रे माझ्या मागल्या. मळ्यात त्याची आई, भिकुबाई, एकटीच जायची.

दसऱ्याला तिने विळा, कुदळ, फवारणीचा पंप असं सगळं ओळीने मांडून पूजलं. मग कुंकवाचं बोट घेऊन माझ्याकडे आली. मुलगा मला बडवतच होता. त्याची बोटं चुकवत तिने शेवटच्या, बाराव्या कळेवर कुंकू लावलं. त्या कळेला अजून काहीच शिकवलेलं नव्हतं.

"आज अवजारले कोनी हात लावस का रे?" ती म्हणाली.

"पाच मिनिटमा व्हई जाई, माय."

संध्याकाळपर्यंत मला विसावा नव्हता. माझ्याबरोबर पूजलेला विळा मात्र दिवसभर निवांत पडून होता. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आता नवव्या कळेकडे येतो. कंपनीच्या ग्रुपवर दिवसभर निरोप यायचे. हे बघशील का, ते करशील का. प्रत्येकाला उत्तर लिहिण्यात वेळ जातो म्हणून भाग्येशने नवव्या कळेला एकच वाक्य शिकवलं: 'हो, करून देतो.' आधी तो निरोप वाचून कळ दाबायचा. पुढे निरोप आल्याचा आवाज झाला की बोट आपोआप तिच्यावर पडायला लागलं. मला वाचता येत असतं तर पुढे सांगतो त्या दिवशी मी अडून बसलो असतो. पण मी पडलो सांगकाम्या.

भिकुबाईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शनिवारी नंदुरबारला ठरलं होतं. ती ऑपरेशनला घाबरत होती. तू सोबत असशील तरच टेबलावर झोपेन, असं तिने मुलाकडून कबूल करून घेतलं होतं. मंगळवारी ग्रुपवर विचारणा आली, मला ती मागाहून कळली: शनिवारी नवं काम चालू करायचंय, दिवसभर कोण बसेल? भाग्येशची नजर कोडमध्ये होती. आवाज आला, बोट पडलं, आणि मी इमानदारीने लिहून दिलं: 'हो, करून देतो.'

त्याला ते कळलं शुक्रवारी. त्याने साहेबांना फोन लावला, अजिजी केली. तुझं नाव पुढे गेलंय, आता बदलता येणार नाही, एवढंच उत्तर आलं. शनिवारी शेजारच्या रंजनाबाई भिकुबाईला घेऊन गेल्या. दवाखान्यात नातेवाइकाची सही मागितली, तीही त्यांनीच केली. इकडे भाग्येश मला दाबत होता, पण दर दहा मिनिटांनी फोनकडे बघत होता. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती काळा चष्मा लावून घरी आली. रागावली नाही. मुलाने सगळं खरं सांगितलं, नववी कळही दाखवली. तिने वाकून माझ्याकडे पाहिलं.

"'हा' म्हनानं हाई बटन शे," ती म्हणाली. "मंग 'नही' म्हनानं कोनतं शे?"

भाग्येशने माझ्या सगळ्या कळांवरून नजर फिरवली. बारा कळांमध्ये तसली एकही नव्हती. त्या दुपारी त्याने कुंकवाच्या कळेला शिकवलं: 'नाही जमणार.' आणि महिनाभर तिला हात लावला नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन या शनिवारी आहे. काल पुन्हा ग्रुपवर आवाज झाला. बोट सवयीने नवव्या कळेपाशी आलं आणि थांबलं. भाग्येशने निरोप वाचला, सावकाश, दोनदा. मग बोट बाराव्या कळेवर गेलं. मी तयारच होतो. पण त्याने मला उचललं आणि बाजूला ठेवलं. मोठा कीबोर्ड पुढे ओढून त्या दुखऱ्या हाताने त्याने एकेक अक्षर लिहिलं: 'शनिवारी मी नाही. आईचं ऑपरेशन आहे, मी तिच्याजवळ असणार.'

मी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लिहिलं असतं. त्याला चांगली तीन मिनिटं लागली.

सध्या मी खिडकीत पडून आहे, कुंकू अजून अंगावर आहे. सोमवारी तो मला पुन्हा कामाला जुंपेल, आणि मी जाईनही. पण तुमच्या टेबलावर माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला एवढी नववी कळ शिकवू नका. बाकीचं सगळं ओझं आम्ही ओढू.