टिन लँटर्न्सची दुसरी टेप

क्लाइवच्या हातून तिसऱ्यांदा ड्रमची काठी निसटली आणि स्टुडिओच्या काचेपलीकडे मॅनेजर हॅस्लमने कपाळावर हात मारला.

वादकांच्या युनियनचा नियमच होता. टीव्हीवर गाणं दाखवायचं तर बँडने ते युनियनच्या माणसासमोर, तीन तासांत नव्याने वाजवून रेकॉर्ड करायचं. पाळतंय कोण म्हणा! त्या माणसाला पबमध्ये न्यायचं आणि तोवर मूळ रेकॉर्डचीच नक्कल टेपच्या डब्यात भरायची, ही लंडनची रीत. पण आजचे मिस्टर ग्रिम्स पडले पक्के निर्व्यसनी. चहाचा थर्मास मांडीवर घेऊन ठाण मांडून बसलेले.

आणि 'टिन लँटर्न्स'ची गोची अशी, की खपाच्या यादीत देशात तिसऱ्या क्रमांकावर पोचलेल्या त्यांच्या गाण्यात आवाज तेवढा टेरीचा होता. वाजवलं होतं भाडोत्री वादकांनी. वॉलसॉल गावची ही पोरं नुसती फोटोपुरती.

कसंबसं वाजवून झालं. ऐकताना टेरीचा चेहरा उतरला.

"वाट लागली आपली."

हॅस्लमने शेवटचा डाव टाकला. "मिस्टर ग्रिम्स, माझी नवी गाडी बघाच तुम्ही. दोनच मिनिटं!"

दोघं बाहेर पडताच रेकॉर्डिंगवाल्या रेजने टेबलावर दोन डबे ठेवले.

"ही मूळ रेकॉर्डची, ही तुमची. पटकन बोला, कुठली देऊ?"

"विचारतोस काय! रेकॉर्डची दे," टेरी म्हणाला. "दुसरी वाजली तर संपलो आपण."

क्लाइवलाही ते कळत होतं. पण पाच आठवडे दुसऱ्यांनी वाजवलेल्या रेकॉर्डवर चाहत्यांना सह्या ठोकून त्याला स्वतःचीच किळस आली होती. त्याने आपल्या बँडच्या टेपचा डबा उचलून रेजच्या हातात कोंबला.

"ही."

"अक्कल गहाण ठेवलीस का रे?" टेरी धावला, पण तेवढ्यात ग्रिम्स दारात उभे राहिले. टेरीला तोंड मिटावं लागलं.

गुरुवारी कार्यक्रम झाला. मंगळवारी गाणं एकोणिसाव्यावर घसरलं, पुढच्या मंगळवारी यादीतूनच गेलं. टेरीने बोलणं टाकलं. हॅस्लम फोन उचलेना.

क्लाइव घरी आला. आई बटाटे सोलत होती. रेकॉर्ड ऐकून ती कायम "छान आहे हं" एवढंच म्हणायची.

"टीव्हीवर बघितलं," ती मान वर न करता म्हणाली. "मधे घाई केलीस. लहानपणी डबे बडवायचास तेव्हापासून तिथंच घाई करतोस तू."

क्लाइव तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"आणखी काय चुकलं? सांग ना."