ओळंबा कपाटात आहे

विषय : प्रार्थनागृहाच्या सामाईक भिंतीला ओळंबा लावून मिळण्याबाबत शिवणवाल्या मावशींचा अर्ज.
संदर्भ : मी स्वतः.

उपरोक्त विषयातला ओळंबा तो मीच. दोरीच्या टोकाला लोंबणारं पितळी वजन. सध्या मुक्काम प्रार्थनागृहातल्या काचेच्या कपाटात. शेजारी समितीच्या फायली असतात, त्यांची संगत माझ्या भाषेला लागली आहे. ती गोड मानून घ्यावी.

लेथवर जन्मलो आणि गवंड्याच्या पिशवीत, थापीखाली, मोठा झालो. काम एकच. लटकायचं आणि स्थिर व्हायचं. भिंत वाकडी आहे असं मी कधी म्हणालो नाही. तिच्या शेजारी नुसता उभा राहिलो. तरी भिंत वाकडी निघाली की माणसं आधी माझ्याकडेच संशयाने पाहतात. याचं मला आजही नवल वाटतं.

एकदा तरुण पाळकांनी मला गवंड्याकडून उसनं नेलं. बायबलातल्या इब्री संदेष्ट्यांवर प्रवचन होतं. एका संदेष्ट्याला म्हणे दर्शन झालं होतं : देव भिंतीपाशी उभा आणि त्याच्या हातात ओळंबा! आमच्या कुळाचा इतका वरपर्यंत वशिला असेल याची मला कल्पना नव्हती. पाळक सांगत होते, देवाने तो ओळंबा शत्रूला लावला नाही, आपल्याच माणसांना लावला. त्यांची गाणी, अर्पणं सगळं यथासांग चाललं होतं. फक्त गरिबाला न्याय मिळत नव्हता, आणि तेवढ्यावरून देवाला त्या गाण्यांचा उबग आला होता.

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा पाळकांनी उत्साहाच्या भरात मला मागच्या भिंतीच्या वरच्या खुंटीला टांगलं. वर दोरी आणि भिंत यांत चार बोटं अंतर होतं. खाली येईतो मी भिंतीला टेकलो. भिंत पलीकडे कलली होती.

पलीकडे शिवणवाल्या मावशी राहतात, एकट्या. त्या शेवटच्या बाकावर होत्या. घरातल्या फळीवरून रिळं का घरंगळतात, हे त्यांना इतके दिवस उमगत नव्हतं.

"म्हणजे ती माझ्या अंगावर येतेय," त्या शांतपणे म्हणाल्या.

समितीच्या अध्यक्षांनी पंखा बंद करायला सांगितला. पंखा थांबला. मी होतो तिथेच होतो.

पुढच्या बैठकीत भिंतीच्या भेगांना चुना लावायचं ठरलं. कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना दुसऱ्या एका संदेष्ट्याने चांगलंच फैलावर घेतलं आहे, असं पाळकांनी सांगून पाहिलं. त्यांना यापुढे जरा सौम्य संदेष्टे निवडण्याची विनंती करण्यात आली. माझ्याविषयी ठराव झाला की इतक्या प्रभावी प्रवचनात वापरलेली वस्तू पवित्र होय. ती कपाटात राहील, कोणी हात लावू नये. गवंडी मला न्यायला आला तेव्हा पवित्र वस्तू उसनी देता येत नाही असं त्याला कळवण्यात आलं.

"अहो, उसना तुम्ही नेलाय. माझा आहे तो," गवंडी म्हणाला.

याची नोंद घेण्यात आली. मग मी दुसरा आणून भिंतीला लावतो, असं तो म्हणाला. पण दुसरा पवित्र नसल्याने त्याचं म्हणणं ग्राह्य धरता येणार नव्हतं.

पवित्र म्हणजे काय, यावर काचेआड मी पुष्कळ विचार करतो. त्या दर्शनातल्या ओळंब्याला काम झाल्यावर कुठे ठेवलं असेल? त्याला कोणी पंख्याचं कारण सांगितलं असेल का? परवा मावशी कपाटापाशी आल्या. अध्यक्ष तिथेच होते.

"देव पवित्र, तरी तो स्वतः भिंतीशी जाऊन उभा राहिला," मावशी म्हणाल्या. "याला का कोंडलाय? माझ्या बाजूने एकदा टांगा. पडणार असेल तर तसं सांगा, मी कुठेतरी सोय बघते."

अध्यक्षांनी लेखी द्यायला सांगितलं. मावशींनी लेखी दिलं.

माझी विनंती एवढीच, की मला पुसू नये, टांगावं.

मावशींनी खाट दाराजवळ ओढून घेतली आहे. समितीची बैठक याच भिंतीखाली भरते. भिंत समितीच्या बाजूला कललेली नसल्याने तातडीचं कारण दिसत नाही. अर्ज प्रलंबित आहे.